गंज काढा, जन्मदाखला नको

जुना मेकॅनो हाती आला, की घासून लख्ख करण्याचा मोह होतो. जरा थांबा.

लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबींनी १९०१ मध्ये या भोकांच्या पट्ट्यांचं पेटंट घेतलं; ‘मेकॅनो’ हे नाव १९०७चं. आधी निकेलचा मुलामा होता. १९२६ मध्ये लाल-हिरवा रंग आला, १९३४ मध्ये निळा-सोनेरी. म्हणजे रंग हाच पट्टीचा जन्मदाखला.

सँडपेपर लावला, की तो पुसला जातो. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं; त्याची धूळ मुलांच्या पोटात जाते. त्यापेक्षा कोमट साबणपाण्यानं मऊ ब्रश फिरवा, लगेच कोरडं करा, तेलाचा पुसट हात द्या.

भोकांमधलं अर्ध्या इंचाचं अंतर पुढे बदललं नाही. आजोबांची डागाळलेली पट्टी नातवाच्या पट्टीला अजून जुळते.