कडेवरचं नाव

सातारा, सांगली, रत्नागिरी, रायगड या भागांत अशी पुष्कळ घरं आहेत, जिथं जुन्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीखाली, एखादं लष्करी पदक जपून ठेवलेलं असतं. घरची माणसं त्याला 'बिल्ला' म्हणतात. पाहुणा आला की बिल्ला बाहेर निघतो, हातोहात फिरतो. आपण त्यावरचा राजाचा मुखवटा पाहतो, मागचं चित्र पाहतो आणि परत देतो. पदकांचा जाणकार मात्र आधी कड पाहतो. त्या दोन-तीन मिलिमीटरच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं असतात. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. पदकाची खरी गोष्ट तिथं लिहिलेली असते, आणि पदकाशी होणारी बहुतेक लबाडीही तिथंच होते.

कडेवर नाव घालण्याची पद्धत फार जुनी नाही. ईस्ट इंडिया कंपनीनं १७८४ मध्ये 'डेक्कन मेडल' मंजूर केलं. मराठ्यांशी झालेल्या पहिल्या युद्धात बंगालहून पश्चिम हिंदुस्थानात आलेल्या फौजेतल्या देशी शिपायांसाठी ते होतं. त्याच्या एका बाजूला फार्सी मजकूर आहे, पण शिपायाचं नाव नाही. १७९९ मध्ये टिपू सुलतान पडला. त्या श्रीरंगपट्टणच्या लढाईचं पदक सोन्यापासून कथलापर्यंत वेगवेगळ्या धातूंत, हुद्द्याप्रमाणे वाटलं गेलं. त्यावरही नाव नाही. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर ब्रिटिश सरकारनं सेनापतीपासून साध्या शिपायापर्यंत सगळ्यांना एकच चांदीचं पदक दिलं आणि प्रत्येकाच्या पदकाच्या कडेवर ज्याचं त्याचं नाव यंत्रानं उमटवलं. तिथून ही रीत रुळली.

आपल्या इतिहासाशी थेट बांधलेलं पदक म्हणजे १८५१ मध्ये मंजूर झालेलं 'आर्मी ऑफ इंडिया' पदक. त्याच्या फितीवर लढाईच्या नावाच्या चांदीच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. असई, अडगाव, गाविलगड, खडकी, सीताबर्डी, नागपूर, कोरेगाव. इंग्रजी स्पेलिंगमधून वाचताना आपलीच गावं ओळखायला क्षणभर वेळ लागतो. असईची लढाई १८०३ ची, खडकीची १८१७ ची, कोरेगावची १ जानेवारी १८१८ ची. पदक मात्र मंजूर झालं १८५१ मध्ये, आणि दिलं गेलं ते तेव्हा हयात असलेल्यांनाच. असईला लढलेला विशीतला शिपाई तोवर सत्तरीला टेकलेला असणार. त्यामुळे यातल्या काही पट्ट्या अतिशय दुर्मीळ आहेत. जिथं वस्तू दुर्मीळ, तिथं हात चलाख होतात. साध्या पट्टीच्या जागी दुर्मीळ पट्टी बसवायची, रिव्हेट नव्यानं ठोकायचे आणि किंमत कित्येक पटींनी वाढवायची. लंडनला या पदकांच्या याद्या जपलेल्या आहेत. कडेवरचं नाव आणि पट्टी त्या यादीशी ताडून पाहिल्याखेरीज जाणता संग्राहक खिशात हात घालत नाही.

लबाडीचे प्रकार तसे मोजकेच आहेत. पहिला प्रकार म्हणजे संपूर्ण नक्कल. अस्सल पदक टाकसाळीत ठसा मारून घडवलेलं असतं. नकली पदक बहुधा साच्यात ओतलेलं असतं. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून ते अस्सलपेक्षा किंचित लहान भरतं, आणि भिंगाखाली त्यावर बारीक खड्डे दिसतात. दुसरा प्रकार संच बनवण्याचा. एका शिपायाची दोन पदकं आणि त्याच नावाच्या दुसऱ्याचं तिसरं एकत्र टाचून 'हा एकाच वीराचा संच' म्हणून खपवायचा. याउलट, खरा संच फोडून एकेक पदक वेगळं विकणारेही आहेत. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. कानस घेऊन कडेवरचं मूळ नाव घासून काढायचं आणि त्या जागी गिऱ्हाइकाला हवं ते नाव कोरायचं.

हे ओळखायचं कसं? पहिल्या महायुद्धाचं चांदीचं 'ब्रिटिश वॉर मेडल' साधारण ३६ मिलिमीटर व्यासाचं असतं. कड घासली की व्यास कमी होतो. व्हर्नियर कॅलिपर लावला की अर्ध्या मिलिमीटरची चोरीही सापडते. पदकाच्या काठाची उंचावलेली किनार एका बाजूला बारीक झालेली दिसते. अस्सल अक्षरं बहुधा ठोकून उमटवलेली असतात, नवी अक्षरं हातानं कोरलेली असतात. मात्र अक्षरांचं वळण वेगळं दिसलं म्हणून लगेच 'खोटं' म्हणू नये. भारतीय पलटणींची बरीच पदकं कलकत्त्याच्या टाकसाळीत तयार झाली आणि त्यांची धाटणी लंडनच्या पदकांहून निराळी आहे. शिवाय नव्यानं कोरलेलं प्रत्येक नाव लबाडीचं नसतं. शिपायाचं पदक हरवलं आणि परेड तोंडावर आली, तर तो बाजारातून दुसरं पदक घेऊन त्यावर आपलं नाव कोरून घेई. ते पदक त्याचं नसे, पण लढाई त्याचीच असे.

संग्राहकाला या सगळ्याची चिंता असते ती पैशापायी, आणि त्यात गैर काही नाही. पण प्रश्न तेवढाच नाही. पहिल्या महायुद्धात पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उतरली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमारा या गावी तिला तुर्कांनी वेढलं. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. उपासमारीनं शरणागती पत्करावी लागली आणि त्यानंतरच्या कैदेत हजारो शिपाई मेले. या आघाडीवर मेलेल्या, पण ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही, अशांसाठी बसऱ्याला १९२९ मध्ये स्मारक उभं राहिलं. चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं ते स्मारक. त्याच्या भिंतीवर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी अंमलदारांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र नावं नाहीत. अमुक पलटणीचे इतके, तमुक पलटणीचे इतके, असे नुसते आकडे. या भेदभावाची कबुली युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाच्या अहवालानं २०२१ मध्ये दिली. आपल्या खेड्यांतल्या संगमरवरी पाट्याही आठवून पाहा. 'या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले.' तिथंही आकडेच.

आता कड आठवा. ज्या साम्राज्यानं शिपायाचं नाव भिंतीवर लिहिलं नाही, त्यानंच ते पदकाच्या कडेवर मात्र लिहिलं होतं. नियम होता म्हणून लिहिलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं आपल्या सैनिकांच्या पदकांवर नावं घालणं सोडून दिलं, पण भारतीय फौजेच्या पदकांवर ती घातली गेली. पंजाबातून गेलेल्या सुमारे ३ लाख २० हजार जणांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या आणि २०२१ पासून लोकांना पाहायला मिळू लागल्या. तसा कागद प्रत्येक शिपायाच्या नशिबी नसतो. कित्येकांच्या बाबतीत ती कड हाच दाखला. तिच्यावर कानस फिरली, की एक माणूस आकड्यात जमा होतो.

हे मी जरा तावातावानं सांगतो आहे, त्याला कारण आहे. माझ्या दादीचे वडील त्या कूतच्या वेढ्यात होते. मराठा पलटणींत तेव्हा दख्खनी मुसलमानांच्या तुकड्या असत, त्यांतले ते एक. दादी तेव्हा दीड-दोन वर्षांची होती. ते परत आले नाहीत. लढाईनंतर काही वर्षांनी टपालानं दोन पदकं घरी आली, एक चांदीचं आणि एक कांस्याचं. कांस्याचं कुठं गेलं कुणास ठाऊक. पोरांनी खेळताना हरवलं, असं दादी म्हणायची. चांदीचं तिनं स्वतः सोनाराला दिलं. १९४० च्या सुमाराला माझ्या अब्बांचा जन्म झाला, घरात पैसा नव्हता आणि बाळाच्या पायांत वाळे तर हवेत. त्या पदकात अडीच तोळ्यांहून थोडी अधिक चांदी होती. त्याचे वाळे झाले. तेच पुढे मी घातले, माझ्या मुलीनंही घातले. दादीला याची खंत कधी वाटली नाही. "बापाचं पोराला दिलं," एवढंच ती म्हणायची.

पुढे १९७९-८० मध्ये जगभर चांदीचे भाव भडकले. तेव्हा ही पदकं संग्राहकाला विकण्यापेक्षा वितळवण्यात जास्त पैसे मिळत आणि इंग्लंडातही हजारो पदकं मुशीत गेली. तेव्हा दादीनं काही जगावेगळं केलं नव्हतं.

खंत होती ती मला. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात, जुनी कुलपं आणि घड्याळांच्या पसाऱ्यात, मला अगदी तसं चांदीचं पदक दिसलं. कडेवर नंबर, सिपॉय हा हुद्दा, एक हिंदू नाव आणि मराठा पलटण. मी पणजोबांची गोष्ट सांगितली. विक्रेता म्हणाला, "साहेब, पणजोबांचं नाव सांगा. पुढच्या रविवारी याच्यावर घालून देतो. जुनं नाव होतं हे कुणाला कळणारसुद्धा नाही."

मी तिथंच नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. "विचार करून सांगतो," म्हणालो. आठवडाभर ते पदक माझ्या डोळ्यांपुढे होतं. काचेच्या पेटीत ठेवलेलं, कडेवर आमच्या पणजोबांचं नाव. ते त्या पलटणीत होते, हे खरं होतं. त्यांना असं पदक मिळालं होतं, हेही खरं होतं. मग यात खोटं काय, असं मी स्वतःलाच समजावत होतो. शेवटी पदकं जमवणाऱ्या एका मित्राला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याच्यावर आत्ता कुणाचं नाव आहे?"

मला ते आठवेना. मी ते वाचलं होतं, पण टिपून घेतलं नव्हतं.

रविवारी लवकर गेलो. विक्रेत्यानं हसून पदक पुढे केलं. गिऱ्हाईक येणारच, या हिशेबानं त्यानं कड आधीच घासून ठेवली होती. नवं नाव तेवढं घालायचं बाकी होतं. मी भिंग लावून पाहिलं, उन्हात तिरपं धरून पाहिलं. एका टोकाला एका अक्षराची उभी रेघ उरली होती. बाकी काही नाही. दोष एकट्या त्याचा कसा म्हणू? घासायला त्याला मी नको म्हटलं नव्हतं.

पदक मी विकत घेतलं, तसंच, बिननावाचं. मित्रानं मोजलं तेव्हा ते ३६ मिलिमीटरला थोडं कमी भरलं. दादीनं बापाचं नाव वितळवलं, पण ते कुणाला ते तिला ठाऊक होतं आणि आम्हालाही ठाऊक आहे. मी ज्याचं नाव घालवलं, त्याचे नातू-पणतू कुठल्या गावी आहेत, हेसुद्धा मला कधी कळणार नाही.

म्हणून आपल्याला एक विनंती. आपल्या घरात असा बिल्ला असेल, तर आज तो बाहेर काढा. चिंच लावून, राख लावून किंवा पॉलिशनं घासू नका. दर दिवाळीला आणि ईदला चकाकवलेल्या पदकांची अक्षरं झिजून गेलेली मी पाहिली आहेत. खिडकीपाशी उजेडात कड फिरवत जा आणि जे दिसेल ते, जसं दिसेल तसं, एका वहीत उतरवून घ्या. नंबरसुद्धा. एकाच पलटणीत एकाच नावाचे चार शिपाई असू शकतात, नंबरानं त्यांच्यातला नेमका कोणता ते ठरतं. मोबाइलवर कडेचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. पुढे पदक विकावं लागलं, मोडावं लागलं, तरी नाव घरात राहील. आणि दुसऱ्या कुणाचं पदक कधी हातात आलं, बाजारात का होईना, तर किंमत विचारण्याआधी कड वाचा आणि नाव टिपून घ्या.

ते घासलेलं पदक आमच्याकडे वाळ्यांच्याच डबीत ठेवलं आहे. त्याच्यावर कुणाचंही नाव घालायचं नाही, असं मुलीला सांगून ठेवलं आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)