५ नोव्हेंबर १९११ : कामगारनेते जॉन हॉर्नर यांचा जन्म

ब्रिटिश अग्निशमन जवान व कामगारनेते जॉन हॉर्नर यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९११ रोजी झाला. व्यापारी जहाजांवर काम केल्यानंतर ते १९३३ मध्ये लंडन अग्निशमन दलात दाखल झाले. १९३९ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, ते ‘फायर ब्रिगेड्स युनियन’चे सरचिटणीस झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी साहाय्यक अग्निशमन सेवेतील स्त्री-पुरुषांनाही युनियनचे सभासदत्व खुले केले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत वणव्याच्या हंगामापुरते नेमले जाणारे अग्निरक्षक असतात, तसे हे कर्मचारी युद्धकाळापुरते भरती झालेले होते. त्यांच्यामुळे संघटनेची ताकद कित्येक पटींनी वाढली. हॉर्नर कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते; १९५६ मध्ये हंगेरीतील उठाव सोव्हिएत फौजांनी चिरडल्यानंतर त्यांनी तो पक्ष सोडला. १९६४ ते १९७० या काळात ते मजूर पक्षाचे खासदार होते. ११ फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले.