कुलमुखत्यारपत्र व वृद्धांचे पालकत्व (रत्नागिरी जिल्हा)

आपल्या मिळकतीचे वा व्यवहाराचे काम आपल्या वतीने दुसऱ्याने करावे म्हणून दिलेला लेखी अधिकार म्हणजे कुलमुखत्यारपत्र. एकाच कामापुरते असल्यास ते खास मुखत्यारपत्र. याविषयीचा 1882 चा अधिनियम अगदी त्रोटक आहे. प्रत्यक्षात 1872 चा करार कायदा व 1908 चा नोंदणी कायदा अधिक कामी येतात.

जिल्ह्यात या कागदाचा वापर स्थलांतराशी निगडित आहे. 2001 ते 2011 या दशकात लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर उतरली. सातबाऱ्यावर मागच्या पिढ्यांपासूनचे सहहिस्सेदार, त्यांतले निम्मे चाकरमानी. मोजणी, कलमांच्या बागेचा करार, भूसंपादनाचा मोबदला यांसाठी साऱ्यांच्या सह्या एका जागी मिळणे कठीण. त्यामुळे गावची आई मुंबईच्या मुलाला मुखत्यारपत्र देते, तसेच मुंबईचे काका गावच्या पुतण्याला.

नोंदणी : दुय्यम निबंधकाकडे दस्त दाखल करण्याचा अधिकार देणारे मुखत्यारपत्र, लिहून देणारा जेथे राहतो त्या हद्दीतील निबंधकापुढे अधिप्रमाणित करावे लागते (कलम 33). परदेशस्थांसाठी तेथील नोटरी किंवा भारतीय वकिलात. असा कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घेता येतो. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीने कार्यालयात यावे असे बंधन नाही. निबंधक घरी येऊन खात्री करू शकतो. ही सोय आवर्जून मागावी. मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले.

समाप्ती : लिहून देणारा मरण पावला किंवा त्याचे मन विकल झाले की अधिकार संपतो (करार कायदा, कलम 201). स्मृतिभ्रंशाच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर तो संपला, हा वादाचा मुद्दा ठरतो. कागदात ‘रद्द न होणारे’ असे शब्द घातल्याने कौटुंबिक सोयीचे मुखत्यारपत्र सहसा टिकत नाही. ज्या दिवसांसाठी ते केले, नेमके तेव्हाच ते निकामी होते. इंग्लंडात 2005 च्या कायद्यानुसार मनोविकलतेनंतरही चालणारे मुखत्यारपत्र करता येते; भारतात तशी तरतूद नाही.

पालकत्व : 1890 चा पालक व पाल्य कायदा अज्ञानांपुरता आहे. मनोविकल प्रौढाच्या मिळकतीसाठी 1858, 1912 व 1987 च्या कायद्यांनी जिल्हा न्यायालयाची वाट ठेवली होती. 29 मे 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ती बंद केली. त्यातील नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरताच. रत्नागिरीत 1886 पासून मनोरुग्णालय आहे, पण मिळकतीचा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. उरतो तो संविधानाच्या अनुच्छेद 226 खालील उच्च न्यायालयाचा अर्ज. बँकेतील ठेव मोडण्यासाठीही एवढा खटाटोप करायला लावणे अन्यायाचेच आहे.

निर्वाह : आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्याखालील न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे.

18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरीकरांचे उच्च न्यायालयातील पालकत्वाचे अर्जही मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतात.