पूर्णेच्या काठावरून : सेनापती कोणास म्हणावे?

मनमाडहून निघालेली गाडी छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी ही स्थानके मागे टाकीत पूर्णा जंक्शनात शिरते. येथून एक मार्ग नांदेडकडे जातो, दुसरा हिंगोली-अकोल्याकडे वळतो. गाडी किती वेळ थांबणार आणि चहा मिळेल काय, एवढीच चिंता बहुतेक प्रवाशांना असते. ज्या नदीचे नाव या गावाला मिळाले ती अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांतून वाट काढीत येथवर येते आणि गावाच्या जवळच गोदावरीस मिळते. आमचे बालपण रेल्वेच्या वसाहतीत गेले. नदी म्हणजे पोहणे, नदी म्हणजे श्रावणातला पूर, आणि पुरात पोहल्याबद्दल वडिलांचा मार! या पाण्याला इतिहास आहे, हे त्या वयात आम्हांस कोणी सांगितले नाही.

पुढे अनेक वर्षांनी धर्मग्रामातील तरुणांच्या एका मेळाव्यात प्रश्न निघाला : जगातील सर्वश्रेष्ठ सेनापती कोण? सिकंदर झाला, नेपोलियन झाला, शिवाजी महाराजांचे नाव तर सर्वांच्याच ओठांवर होते. एका मुलाने विचारले, "पण सर, श्रेष्ठ म्हणजे नेमके काय? ज्याचे सैन्य मोठे तो?" त्या वेळी दिलेले उत्तर आमचे आम्हांसच पटले नाही. म्हणून पूर्णेच्या संगमावर मिळणाऱ्या दोन नद्यांच्या काठाने थोडे मागे जाऊन पाहावे असे ठरविले.

आधी गोदावरी. संगमापासून प्रवाहाच्या उलट दिशेने गेले की बीड जिल्ह्यात, दक्षिण तीरावर, राक्षसभुवन लागते. १० ऑगस्ट १७६३ रोजी येथे मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. निजाम अलीचे मुख्य सैन्य नदी ओलांडून उत्तर तीरावर गेले होते. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मागील फौजेसह दक्षिण तीरावरच राहिला होता. गोदावरीला पावसाळ्याचे पाणी. मराठ्यांनी नेमकी हीच वेळ साधली. नागपूरकर जानोजी भोसल्यांना निजामाच्या पक्षातून आधीच फोडले होते, ही गोष्टही विसरता येणार नाही. लढाई सोपी मात्र झाली नाही. राघोबादादा शत्रूच्या गराड्यात सापडले. त्या क्षणी त्यांच्या मदतीस धावून गेला तो त्यांचा पुतण्या माधवराव, वय वर्षे अठरा. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजामाला पलीकडच्या तीरावरून आपल्या फौजेचा नाश पाहत बसावे लागले.

याच काकाने आदल्या वर्षी, १७६२ च्या नोव्हेंबरात, आळेगावी पुतण्याला नमविले होते. घरचे राज्य आपसांतील युद्धाने बुडू नये म्हणून माधवराव आपण होऊन काकांच्या छावणीत गेले, नजरकैदही सोसली. नऊ महिन्यांनी तोच काका वेढ्यात सापडतो. दुसरा एखादा मुत्सद्दी घटकाभर थांबला असता, आणि काळाने परस्पर न्याय केला असे म्हणून मोकळा झाला असता. माधवराव थांबले नाहीत. राक्षसभुवनच्या विजयाइतकेच हे न थांबणे आम्हांस मोठे वाटते.

थोरल्या बाजीरावांनी १७२८ मध्ये पालखेडला याच निजाम घराण्याच्या मूळ पुरुषाला कसे कोंडले, ते आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचले असेल. हलके घोडदळ, सोबत जड तोफा नाहीत, आणि पाठलाग करता करता निजामाच्या तोफाच मागे राहिलेल्या. अखेर त्याच्या छावणीचे पाणी तोडले गेले आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगाव येथे तह झाला. तेथेही पाणीच.

आता पूर्णा. एक खुलासा आधी केला पाहिजे, कारण आपल्याकडे पूर्णा दोन आहेत. वऱ्हाडातील पूर्णा तापीला मिळते, आपली गोदावरीला. आपल्या पूर्णेच्या वरच्या खोऱ्यात, जालना जिल्ह्याच्या भोकरदन भागात, केळणा आणि जुई या दोन लहान नद्या वाहतात आणि पुढे त्यांचे पाणी पूर्णेला येऊन मिळते. या दोन नद्यांच्या दुबेळक्यात असई नावाचे खेडे आहे. इंग्रजांच्या इतिहासात त्याचे नाव मोठ्या अक्षरांत आहे. आपल्या इतिहासात मात्र ते जरा हळू आवाजात उच्चारले जाते.

या लढाईचे बीज पडले ते वसईत. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने तेथे इंग्रजांशी तह केला आणि स्वतःच्या गादीच्या रक्षणासाठी त्यांची तैनाती फौज पत्करली. दौलतराव शिंदे आणि दुसरे रघुजी भोसले यांना हा तह मान्य होणे शक्य नव्हते. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध सुरू झाले. इंग्रजी सैन्याचा प्रमुख होता आर्थर वेलस्ली, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धी पावलेला. वय चौतीस. गव्हर्नर-जनरल त्याचाच थोरला भाऊ, त्यामुळे वशिल्याचा आरोप त्याच्यावर झाला आणि तो अगदीच निराधार नव्हता.

परंतु वशिल्याने हुद्दा मिळतो. नदीचा उतार दाखवायला वशिला येत नाही. १७९९ च्या एप्रिलात, श्रीरंगपट्टणच्या वेढ्याच्या वेळी, याच वेलस्लीने एका झाडीवर रात्रीच्या अंधारात हल्ला चढविला होता. जागा त्याने दिवसा पाहिलेली नव्हती. सैनिक भांबावले, काही शत्रूच्या हाती सापडले, तो स्वतः कसाबसा परतला. न पाहिलेल्या ठाण्यावर रात्री हल्ला करायचा नाही, असा धडा त्याने त्या दिवशी घेतला. पुढे म्हैसूरच्या मुलखात त्याने बैलांचा, धान्याचा, नद्यांच्या पुराचा अक्षरशः हिशेब मांडला. बैल किती, त्यांना वैरण कुठे, पूर आलेली नदी ओलांडण्यास वेताच्या होड्या किती, अशा नीरस तपशिलांनी त्याची पत्रे भरली आहेत. तोफांचे वर्णन वाचण्याच्या आशेने ती पत्रे उघडणाऱ्याची निराशाच व्हायची!

२१ सप्टेंबर १८०३ रोजी बदनापूर येथे वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांचे ठरले की, दोन वाटांनी जाऊन २४ तारखेस मिळून हल्ला करायचा. २३ तारखेस दुपारी वेलस्लीच्या ध्यानात आले की शत्रू अगदी समोर आहे. स्टीव्हन्सन अजून दूर. शिंदे-भोसल्यांकडे कवायती पायदळ दहा हजारांच्या वर, तोफा शंभराच्या आसपास, घोडदळ तर अगणित. वेलस्लीजवळ लढाईस उतरविण्याजोगे सैन्य साडेचार हजारांच्या घरात. शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडदळ. होय, पेशव्यांचे. मराठे त्या दिवशी दोन्ही बाजूंना होते.

केळणेला उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले : नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन खेडी, पिंपळगाव आणि वरूड. त्याने अनुमान बांधले की, माणसे इतकी जवळ जवळ घरे बांधून राहतात ती एकमेकांकडे जाण्या-येण्याची सोय असल्याखेरीज नव्हे. उतार तेथेच सापडला. नदी उतरताना त्याच्या शेजारच्या स्वाराचे मस्तक तोफेच्या गोळ्याने उडाले. आम्ही खेड्यापाड्यांतून वाढलेली माणसे; नदीकाठच्या दोन गावांत पायवाट असतेच, हे आपल्यापैकी कोणत्याही शेतकऱ्याने सांगितले असते. पण त्या दिवशी तशा साध्या शहाणपणाने पाहणारा मनुष्य परका होता, ही टोचणी आमच्या मनातून जात नाही.

समोरची बाजू मुळीच दुबळी नव्हती, हे आवर्जून सांगितले पाहिजे. महादजी शिंद्यांनी द बॉयन्य या सेनानीकडून घडवून घेतलेली ती फौज. कवायती पलटणींचा प्रमुख पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन. वेलस्ली बाजूने येतो आहे असे पाहताच त्याने सबंध फळी काटकोनात फिरविली. एक टोक केळणेला, दुसरे असईला. अशी हालचाल तोफांसह, शत्रूच्या नजरेसमोर करणे हे कच्च्या सैन्याचे काम नव्हे. याच फळीत सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणी साल्यूर नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली होत्या. बेगम कॅथलिक होती, आग्र्यात बाप्तिस्मा घेतलेली. तिने सरधन्यात बांधलेल्या मंदिराला १९६१ मध्ये बसिलिकेचा मान मिळाला. यात्रेस तेथे जाणाऱ्या आपल्या बांधवांपैकी किती जणांस ठाऊक असेल की, या बाईच्या पलटणी पूर्णेच्या खोऱ्यात लढण्यासाठी आल्या होत्या?

मराठ्यांच्या तोफांनी इंग्रजांची दाणादाण केली. एका अधिकाऱ्याच्या चुकीने पुढची तुकडी थेट असईच्या दिशेने गेली, तिच्या पाठोपाठ ७४ वी स्कॉटिश पलटण गेली आणि जवळजवळ संपली. तोफा इंग्रजांच्या हाती गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही गोलंदाज उठले आणि त्याच तोफा पुढे गेलेल्या इंग्रजांच्या पाठीवर त्यांनी डागल्या. वेलस्लीला त्यांच्यासाठी पुन्हा मागे फिरावे लागले. त्याच्या अंगाखालचा एक घोडा ठार झाला, दुसरा भाल्याने जखमी झाला.

आणि दौलतराव? रघुजी? लढाई रंगात येण्यापूर्वीच दोघेही रण सोडून गेले, असे वृत्तान्त सांगतात. हजारोंचे घोडदळ बाजूला उभेच राहिले. त्याला हाक देणारे कोणी नव्हते. गोलंदाज तोफांशी उभे राहून मेले. त्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. युद्ध सुरू होताच शिंद्यांच्या नोकरीतील कित्येक युरोपीय अधिकारी सोडून गेले होते आणि पोलमनही पुढे पुन्हा कंपनीच्याच चाकरीत शिरला. पगाराने कवायत विकत घेता येते. पानिपतावर जखमी होऊन जन्माचे लंगडे झालेले महादजी त्या फौजेचे स्वामी होते तोवर तिच्यात दुसरेही काही होते. ते १७९४ मध्ये वानवडीला वारले. नऊ वर्षांनी त्यांच्या तोफा असईला जागच्या जागी होत्या, स्वामी नव्हता. अठ्ठ्याण्णव तोफा इंग्रजांनी नेल्या.

त्या मुलाला आज आम्ही उत्तर देऊ शकू. बळ सैन्यात असते, पण निर्णायक घटकेस नेता कुठे उभा आहे यावर त्या बळाचे काय होणार ते ठरते. अठरा वर्षांचा माधवराव काकांच्या गराड्यापाशी होता. वेलस्ली उतारापाशी होता. दौलतराव तेथे नव्हते. याचा अर्थ वेलस्लीचे कार्य न्याय्य होते असा मुळीच नव्हे. ज्या तहासाठी तो लढला त्याने महाराष्ट्राचे स्वातंत्र्य गिळले. कर्तृत्व आणि न्याय या दोन गोष्टी इतिहासात एकत्र नांदतातच असे नाही, हे विद्यार्थ्यांपासून लपवू नये.

इंग्रजांकडील मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४. मराठ्यांची हानी याहून कितीतरी मोठी. तुकडी चुकीच्या वाटेने नेणाऱ्या अधिकाऱ्याविषयी वेलस्लीने पुढे मन्रो यास लिहिले ते सौम्य शब्दांत : चुकीच्या परिणामांची खंत व्यक्त केली, पण त्या मनुष्यास दोष देण्याचे टाळले. स्वतःच्या सहकाऱ्यास चव्हाट्यावर आणणे त्याला सहज शक्य होते. लढाईच्या रात्री तो झोपेतून वारंवार दचकून उठत होता. आपले सारे मित्र गेले, असे त्याला स्वप्नात वाटे. दुसऱ्या दिवशी सायंकाळी स्टीव्हन्सन येऊन पोहोचला. पळणाऱ्या शत्रूचा तात्काळ पाठलाग करावयाचा, हा युद्धशास्त्राचा नियम. स्टीव्हन्सनची फौज मात्र २६ तारखेपर्यंत तेथेच थांबली, कारण जखमींसाठी त्याच्याजवळच्या शल्यवैद्यांची गरज होती. पुढे त्या जखमींना, पूर्णा जेथे उगम पावते त्या डोंगराकडे, अजिंठ्याला नेऊन तेथे रुग्णालय उघडण्यात आले.