कोबेच्या पोरांना कोणी मारले?

इसाओ ताकाहाता यांच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (१९८८) या अॅनिमेशनपटावर एक आक्षेप हटकून घेतला जातो. चौदा वर्षांच्या सेइताने आसरा देणाऱ्या नातेवाईक बाईचे टोमणे मुकाट्याने सोसले असते, तर चार वर्षांची सेत्सुको भुकेने मेली नसती. आक्षेप बिनतोड वाटतो. बँकेत आईचे सात हजार येन आहेत, डोक्यावर छप्पर आहे, तरी पोरगा बहिणीला घेऊन तळ्याकाठच्या पडक्या खंदकात राहायला जातो. पण १९४५ सालचे जपान समोर ठेवले, तर हा निवाडा टिकत नाही.

शाळकरी मुलांना गटागटाने खेड्यांत हलवण्याची योजना १९४४ मध्ये कोबेसह मोठ्या शहरांत लागू झाली, ती तिसरी ते सहावीच्या मुलांपुरती. सेइता त्या वयाच्या वर, सेत्सुको खाली. ५ जून १९४५ च्या बॉम्बफेकीत कोबे जळाले, तेव्हा अशा मुलांना उरले ते फक्त नातेवाईक. तांदळाचे रेशन प्रौढ माणशी दिवसाला ३३० ग्रॅम होते. जुलैत त्यातही सुमारे दहावा हिस्सा कापला गेला. शिधा कुटुंबाच्या हिशेबाने, शेजाऱ्यांच्या सरकारी गटांमार्फत वाटला जाई. या चौकटीबाहेर पडलेल्याला खिशातल्या पैशाचा फारसा उपयोग नव्हता. म्हणूनच चित्रपटातला शेतकरी सेइताला परत जाण्याचा सल्ला देतो. त्या बाईलाही खलनायिका ठरवता येत नाही. अपुऱ्या शिध्यात तिने आधी आपल्या माणसांची ताटे पाहिली. दोष तिच्या मनाचा कमी आणि सारा भार तिच्यावर टाकणाऱ्या व्यवस्थेचा अधिक.

चित्रपटात सेइता २१ सप्टेंबर १९४५ रोजी सान्नोमिया स्थानकात मरतो. आदल्याच दिवशी सरकारने युद्धात अनाथ झालेल्या मुलांच्या संरक्षणाचे धोरण ठरवले होते. ते बराच काळ कागदावरच राहिले. बालकल्याण कायदा व्हायला १९४७ चा डिसेंबर उजाडला. १९४८ च्या सरकारी पाहणीत १ लाख २३ हजारांवर अनाथ मुले मोजली गेली. त्यांतली १ लाख ७ हजार नातेवाइकांकडे होती, संस्थांत जेमतेम १२ हजार. म्हणजे सेइताच्या वाट्याला आलेली सोय हीच देशाची मुख्य सोय होती.

मग सेइता निर्दोष का? नाही. मूळ कथेचे लेखक अकियुकी नोसाका यांची धाकटी बहीण युद्धकाळात कुपोषणाने गेली. तिच्या वाट्याचे आपण खाल्ले, ही सल त्यांनी लपवली नाही. पण भावाची चूक मान्य केल्याने राज्याची चूक माफ होत नाही. चीनवर लादलेले युद्ध या चित्रपटात जवळपास दिसत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. तरीही तो अमेरिकी वैमानिकांकडे बोट दाखवून थांबत नाही. त्याचा रोख आपल्याच घरादाराकडे, आपल्याच सत्तेकडे आहे.

तो रोख चुकीचा नव्हता. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या वारसांना १९५२ च्या कायद्याने मदत मिळू लागली. हवाई हल्ल्यांत होरपळलेल्या नागरिकांची भरपाईची मागणी मात्र १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. सेत्सुको जगली असती, तर नौदलात गेलेल्या बापापायी तिला काही मिळू शकले असते. आगीत होरपळून गेलेल्या आईपायी काहीच नाही.