बाबासाहेबांची बोट

मी मूळचा लातूरचा. २०१६ साली आमच्याकडे प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं होतं. अशा गावच्या माणसाने बोटीवर लिहावं, म्हणजे विनोदच! पण बाबासाहेबांच्या चरित्रात एका बोटीचं नाव वाचलं आणि अख्खा शनिवार त्यातच गेला.

१४ ऑगस्ट १९३१ ला मुंबईत मणिभवनात बाबासाहेब आणि गांधीजींची पहिली भेट झाली. कशी झाली ते सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी 'मुलतान' बोटीने लंडनला निघाले. (१५ ऑगस्ट! तेव्हा ती एक साधी तारीख होती.) गांधीजी २९ तारखेला 'राजपुताना'ने गेले. दोन्ही बोटी पी अँड ओ कंपनीच्या. परिषदेचं पुढे काय झालं ते शाळेत शिकलो. पण बोटींचं?

'मुलतान' १९२३ ची, २०,००० टनांहून मोठी. बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फची, म्हणजे 'टायटॅनिक'च्या माहेरची. १९३९ ला युद्ध पेटलं आणि दोन्ही बोटींवर तोफा चढल्या. आयडिया तशी जुगाडूच होती. प्रवासी बोट उंच, लांबून दिसणारी, अंगावर चिलखत नाही. १३ एप्रिल १९४१ ला आइसलँडजवळ जर्मन पाणबुडीने 'राजपुताना' बुडवली. ४० हून जास्त माणसं गेली.

'मुलतान' वाचली. १९४१ मध्येच तिला सैनिक वाहून नेण्याच्या कामाला लावलं आणि हे काम तिला जमणारं होतं. झोपायला जागा, मोठाली स्वयंपाकघरं, लांबचा पल्ला, सगळं आधीपासून होतंच. नोव्हेंबर १९४२ मध्ये दोस्तांचं सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरलं, त्या ताफ्यात ती होती. तिचा जुना प्रवासी तेव्हा दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होता.

खरी मेख पुढेच आहे. १९४८ पासून 'मुलतान' ब्रिटिश कुटुंबांना ऑस्ट्रेलियात वसवायला नेऊ लागली. सरकारी मदतीमुळे मोठ्या माणसाचं भाडं फक्त १० पौंड. अट अशी, की तिकडे गोरेच हवे होते. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला बाबासाहेबांनी घटना समितीपुढे राज्यघटनेचा मसुदा मांडला. ज्या बोटीने हा माणूस हक्क मागायला गेला, तिच्यावर आता त्याला त्या १० पौंडांचं तिकीट मिळालं नसतं.

१९५४ ला स्कॉटलंडमध्ये ती भंगारात निघाली.

मी इंजिनीअरिंग नांदेडला केलं. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीच्या आठवणी तिथे मेसचे काका सांगायचे, आवाज बारीक करून. विद्यापीठाच्या पाटीवर बाबासाहेबांचं नाव यायला १९९४ उजाडलं. बोट बिचारी चढेल त्याला नेते. कुणाला चढू द्यायचं, ते काठावरची माणसं ठरवतात. आपण तेव्हा कुठे उभे असतो, एवढंच ज्याने त्याने बघायचं.

असो. उद्या सोमवार.