आज्ञापत्रांतील केराचें कलम आणि किनाऱ्यावरील गायरी

मराठींत 'खत' हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. अरबी 'खत्त' या शब्दापासून आलेलें खत म्हणजे लेख अथवा दस्तऐवज. खरेदीखत, गहाणखत, करारखत हीं त्याचींच रूपें. दुसरें खत शेतांत घालावयाचें. या त्रैमासिकाच्या वाचकांचें आयुष्य पहिल्या खताच्या शोधांत जातें. दुसऱ्याकडे त्यांची दृष्टि क्वचितच वळते. प्रस्तुत लेखांत आम्ही दुसऱ्याविषयीं लिहीत आहों, तें मात्र पहिल्याच्या आधारें. घरांतील केर, स्वयंपाकघरांतील सालीं-देठें आणि परड्यांतील पातेरा यांचें खत करण्याची चाल आपल्याकडे किती जुनी आहे, आणि शिवशाहीच्या एका सुप्रसिद्ध लेखांतील कलमाचा तिच्याशीं संबंध कोणता, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

तो लेख म्हणजे रामचंद्रपंत अमात्य यांचें आज्ञापत्र. इ. स. १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत तें सिद्ध झालें. त्यांतील दुर्गप्रकरण सर्वांच्या वाचनांतलें आहे. गडावरील इमारती, तटबंदी, टाकीं, झाडझाडोरा यांविषयीं सांगतां सांगतां अमात्य केराविषयीं आज्ञा देतात. त्या आज्ञेचे चार भाग पडतात. गडावरील वाटांवर, बाजारांत व तटावर केरकसपट पडूं देऊं नये, हा पहिला. जो केर निघेल तो गडाखालीं टाकूं नये, हा दुसरा. तो जागच्या जागीं जाळावा, हा तिसरा. आणि ती राखही परसांत टाकून त्यावर होतील ते भाजीपाले करावे, हा चौथा.

आजवर या कलमाचा उल्लेख ज्यांनीं ज्यांनीं केला त्यांपैकीं बहुतेकांनीं तें स्वच्छतेचें कलम म्हणून केला आहे. आमच्या मतें हा अर्थ अपुरा आहे. केवळ स्वच्छताच साधावयाची असती तर पहिल्या भागावर काम भागतें. फार तर केर कड्यावरून खालीं लोटला म्हणजे गड स्वच्छ होतो. परंतु नेमकें तेंच करूं नये अशी ताकीद आहे. केर गडाचा, तो गडावरच राहिला पाहिजे, आणि त्याचें अन्न होऊन तो पुन्हां गडावरील माणसांच्याच पोटांत गेला पाहिजे, असा या कलमाचा आशय दिसतो. 'राखही' यांतील 'ही' हें अव्यय आम्हांस फार बोलकें वाटतें. जाळल्यावर जें उरतें तेंही वायां जाऊं द्यावयाचें नाहीं.

मग केर कुजवावा असें न सांगतां जाळावा असें कां सांगितलें? याचें उत्तर त्याच प्रकरणांत मिळण्यासारखें आहे. धान्याच्या व वस्तूंच्या कोठारांस आग, उंदीर, वाळवी यांपासून जपावें, असें तेथें बजावलें आहे. कुजणारा ढीग महिनोन्महिने जागा अडवितो आणि उंदीर-घुशींस आश्रय देतो. वाळलेल्या केराचा सांठा तर दारूच्या शेजारीं ठेवण्याची वस्तूच नव्हे. थोडथोडका केर नित्य जागच्या जागीं जाळणें हा त्यावरील तोडगा असावा, असें आमचें अनुमान आहे.

या विचारास संस्कृत वाङ्मयांत पूर्वपीठिका आहे. अमरकोशांत झाडून काढलेल्या केरास 'संकर' व 'अवकर' असे शब्द दिले आहेत, व वाळलेल्या शेणास 'करीष' हा निराळा शब्द आहे. यज्ञवेदीच्या उत्तरेस खणलेली माती टाकण्याची जी जागा, तिला 'उत्कर' म्हणतात. आपल्या 'उकिरडा' शब्दाचा जवळचा आप्त म्हणजे प्राकृतांतील 'उक्कुरुड'. म्हणजे ज्या वस्तूस आज आपण नाक मुरडतों तिला भाषेंत स्थान फार पूर्वींपासून आहे.

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी इ. स. १९०५ मध्यें म्हैसूरच्या शामशास्त्री यांस उपलब्ध झाली व १९०९ मध्यें तिचें मुद्रण झालें, हें येथें सांगावयास नकोच. त्यांत नागरिकाच्या अधिकारांत रस्त्यावर केर टाकणारास एक अष्टमांश पण दंड सांगितला असून राजमार्गावर तो दुप्पट आहे. दुसरीकडे वास्तुप्रकरणांत, उकिरडा, मोरी व विहीर हीं घरास योग्य अशाच जागीं असावीं, असा नियम आहे. हीं दोन्ही वचनें एकत्र वाचलीं म्हणजे अर्थ स्पष्ट होतो. रस्त्यावरचा केर हा अपराध. घरच्या जागेंतला उकिरडा हें घराचें अंग. त्याच ग्रंथांत सीताध्यक्षाच्या कर्तव्यांत अंकुरांस मासळीचें खत देण्याचा उल्लेख आहे. आमच्या किनाऱ्यावर माडांच्या बुंधांत मासळीचे टाकाऊ भाग पुरण्याची जी चाल आहे, तिच्याशीं हें किती जुळतें तें पाहावें. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील वृक्षायुर्वेदाध्यायांत शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या, तीळ, सातू इत्यादि पाण्यांत सात रात्री भिजवून झाडांस घालण्याचा प्रयोग दिला आहे.

परंतु आमच्या विषयास सर्वांत जवळचा ग्रंथ म्हणजे कृषिपराशर. माघ महिन्यांत शेणाच्या ढिगाची श्रद्धापूर्वक पूजा करून तो उकरावा, उन्हांत वाळवून त्याचा भुगा करावा, फाल्गुनांत प्रत्येक वाफ्यांत खड्डा करून त्यांत तो ठेवावा व पेरणीच्या वेळीं पसरावा, असा विधि तेथें आहे. खतास तो ग्रंथकार 'सार' म्हणतो, आणि साराविना वाढलेल्या धान्यास फळ येत नाहीं असें बजावतो. टाकाऊ वस्तूस सार म्हणणें यांतच सर्व शास्त्र आलें. बलिप्रतिपदेस आपल्याकडे शेणाचा गोवर्धन करून पूजितात, त्यामागेंही हीच कृतज्ञता असावी.

आतां गडावरून खालीं गांवांत येऊं. विजयदुर्गाच्या परिसरांत घरामागील जागेस परडें म्हणतात, व परड्याच्या कोपऱ्यांत गोठ्याजवळ जी शेणाची व केराची जागा असते ती गायरी. चुलींतील राख, शेण, गोठ्यांतील ओलें गवत, भाजीचीं देठें, फणसाच्या चारखंडा, आंब्याच्या सालीं, झाडलोटींतला पातेरा, सर्व तेथें जातें व पावसाळ्यापूर्वीं टोपल्यांनीं शेतांत नेलें जातें. याच प्रदेशांत जाळण्याचीही चाल होती; ती भाजावळ अथवा राब. भाताच्या तरव्याच्या जागेवर शेण, झाडांची कवळें व पातेरा यांचे थर देऊन वर माती पसरावयाची व उन्हाळ्यांत तें पेटवावयाचें. म्हणजे अमात्यांच्या आज्ञेंतील अग्नि आणि गायरींतील कुजणें हे दोन्ही मार्ग कोंकणच्या शेतकऱ्यास पूर्वापार ठाऊक होते.

या दोहोंत भेद कोणता, तें आजच्या रसायनशास्त्रानें उलगडलें आहे. केर जाळला म्हणजे पालाश व चुना राखेंत उरतात. आमची जांभ्याची माती आम्ल असल्यामुळें ही राख तिला मानवते, व भाजीपाला उतरतो. परंतु नत्र धुराबरोबर निघून जातो, आणि मातीस भुसभुशीत ठेवणारा सेंद्रिय अंशही जळतो. कुजविल्यानें हे दोन्ही बऱ्याच अंशीं राखतां येतात. त्याकरितां ढिगांत कर्बाचीं पंचवीस ते तीस मापें असतां नत्राचें एक असावें लागतें. वाळलेला पातेरा कर्ब पुरवितो, आणि शेण व स्वयंपाकघरांतील ओला केर नत्र. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी व हवा खेळती असावी, म्हणजे ढीग आंतून पंचावन्न ते पासष्ट अंश सेल्सियसपर्यंत तापतो, आणि त्या उष्णतेंत तणांचें बीं व रोगजंतू बहुतांशीं मरतात.

अर्वाचीन काळांत या विद्येस शास्त्राचें रूप देण्यांत मराठी माणसांचा वांटा मोठा आहे. आल्बर्ट हॉवर्ड यांनीं होळकरांच्या इंदूर येथें १९२४ ते १९३१ या काळांत जी पद्धति बसविली ती जगभर इंदूर पद्धति म्हणून ओळखली जाते. तिचें विवरण करणाऱ्या १९३१ च्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या जोडीस यशवंत वाड यांचें नांव आहे. ढीग वेळोवेळीं उलथून सुमारें तीन महिन्यांत खत तयार करावयाचें, हें तिचें मर्म. पुढें यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनीं, भिंतींत हवेसाठीं भोकें ठेवलेल्या दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशा विटांच्या टाक्याची पद्धति काढली. तींत सुमारें चौदाशें ते पंधराशें किलो केरास शंभर किलोपर्यंतच शेण पुरतें. त्यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून प्रसिद्ध आहे. आमच्याच जिल्ह्यांत कणकवलीनजीक १९४८ मध्यें गोपुरी आश्रम स्थापणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांनीं मैल्याचेंही खत करून दाखविलें, व तें काम करणाऱ्या माणसावरील कलंक पुसण्यासाठीं स्वतः हातांत झाडू घेतला. खताचा प्रश्न हा माणुसकीचाही प्रश्न आहे हें त्यांनीं जितकें जाणलें तितकें दुसऱ्या कोणीं क्वचितच जाणलें असेल.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर आम्हींही परड्यांत हा प्रयोग केला. कातळांत मोठ्या कष्टानें खड्डा खणविला व केर भरला. मृगाच्या पावसानें तो तुडुंब भरला आणि आठ दिवसांत शेजारपाजार नाक धरूं लागला. शेजारच्या वृद्ध बाई येऊन पाहून म्हणाल्या, "मास्तरानू, पाण्याक वाट ठेवूक नाय, तर दुसरा काय होतला?" जेथें पावसाळ्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो तेथें खड्डा उपयोगाचा नाहीं, हें आम्हीं पुस्तकांवरून ताडावयास पाहिजे होतें, त्या बाईंनीं तें अनुभवानें सांगितलें. दुसऱ्या वर्षीं जमिनीवरच चिरे फटी ठेवून रचले, वर झावळ्यांचें छप्पर घातलें. आंब्याचीं पानें चिवट, तीं कुजावयास फार वेळ घेतात, म्हणून तीं चुरून घातलीं. नारळाचीं सोडणें तळाशीं निचऱ्यास ठेवलीं. फाल्गुनांत काळें, मातीच्या वासाचें खत हातीं आलें.

याच संबंधांत एक दुःखाची गोष्ट नमूद करणें प्राप्त आहे. एका जुन्या घराची डागडुजी चालली असतां माळ्यावरील मोडी कागदांचा रुमाल निघाला. घरच्यांस तो वाळवीनें खाल्लेला केर वाटला व तो गायरींत गेला. आम्हांस वार्ता लागून आम्ही पोंचलों तों मध्यें दोन रात्रींचा पाऊस होऊन गेला होता. जुना हातकागद तागाचा व चिंध्यांचा. तो शेणाच्या उष्णतेंत भराभर विरघळतो. एका पानावर 'श्री' आणि मितीचा अर्धा भाग एवढेंच हातीं लागलें. खत खतांत मिळालें. घरच्या मंडळींस आम्हीं दोष दिला नाहीं. काय कुजवावें आणि काय जपावें हें त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें, आणि तें सांगणें आम्हां संग्राहकांचेंच काम होतें. तेव्हांपासून परिचयाच्या कोणत्याही घरीं खताची गोष्ट निघाली कीं माळ्याचीही गोष्ट काढावयाची, असा नेम आम्हीं ठेविला आहे.

२०२५ च्या जुलईंत मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांस जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत विजयदुर्ग आहे. मान आला म्हणजे माणसें येणार, आणि माणसांबरोबर केर येणार. त्या केरांत आतां न कुजणारें व जाळूंही नये असें प्लास्टिक आहे, जें अमात्यांच्या स्वप्नींही नव्हतें. तें आधीं निराळें काढलें तर उरलेल्यास त्यांचें कलम आजही लागू पडतें. 'बारा वर्षांनीं उकिरड्याचेही पांग फिटतात' अशी आपली म्हण आहे. या कलमास तीनशें वर्षें होऊन गेलीं. त्याचे पांग फेडण्यास गडावर जावयास नको. ज्याच्या त्याच्या परड्यांत चार चिरे रचले तरी पुरे.